सोबत हयातीचा दाखला जोडला आहे

आले परत फ्लेक्स.

लातूरला जून उन्हानं कळत नाही की ढगानं कळत नाही, फ्लेक्सनं कळतो. परवा सकाळी दुकानाला जाताना चौक मोकळा होता आणि जेवायला घरी येईपर्यंत खांबाखांबावर पोरापोरींचे चेहरे टांगलेले. सगळ्यांचं हसू एकसारखं, सगळ्यांच्या खाली मार्क, आणि त्याच्या खाली क्लासवाल्या सरांचा फोटो, पोरांच्या फोटोपेक्षा मोठा! एका फ्लेक्सचा कोपरा सुटला होता आणि वाऱ्यानं तो त्यातल्या पोरीच्याच गालावर फटाफटा आपटत होता. मी गाडी बाजूला लावून बघत उभी राहिले. मग दुभाजकावर चढले आणि कोपरा बांधून टाकला. ओळख ना पाळख, पण राहवेना.

कारण हा सीझन आला की मला राग येतो. आमच्या गावात माणूस भेटला की 'बरी आहेस का' विचारत नाही, 'कुठं लागला नंबर' विचारतो. दूधवाला विचारतो. पूजेला घरी आलेले जंगमस्वामी विचारतात. घागर घ्यायला आलेली बाई घागर बोटानं वाजवून बघता बघता विचारते. आणि मी सांगितलं की गेल्या वर्षी परदेशातली सीट लागली होती पण सोडली, की त्या बाईच्या हातातली घागर तशीच राहते. "सोडली? येडी हाईस का माय? वरीस वाया घालवलंस!"

वाया. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. म्हणून लिहायला बसले.

आमचं भांड्याचं दुकान आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, भांड्यांवर नावं टाकतात. पेनासारखी मशीन असते, तिची सुई टर्रर्र करत स्टीलवर ठिपके पाडत जाते आणि त्या आवाजानं दातांत झिणझिण्या येतात. मला तो आवाज लई आवडतो. चौथीपासून मी अप्पांच्या शेजारी पोत्यावर बसून शिकले. लग्नसराईत तर हात दुखून जायचा, डब्यांमागून डबे, 'यांजकडून सप्रेम भेट', 'यांजकडून सप्रेम भेट'. भांड्यावर खोडरबर चालत नाही. हात सटकला तर सटकला. त्यासाठी अप्पांचा एक नियम आहे: "चुकलं तर वेल काढायची. नाव बदलायचं न्हाई." म्हणजे रेघ लांब गेली तर तिलाच देठ समजायचं, दोन पानं, एक फूल, संपलं. गिऱ्हाईक उलटं खूश होतं. "अगं बाई, नक्षीबी काढली व्हय!" लातुरातल्या कितीतरी घरांत मांडणीवर अशा वेली आहेत. कौतुकानं पुसून ठेवलेल्या अप्पांच्या चुका. काही माझ्यासुद्धा.

माझ्या वहीत पण वेलीच असायच्या. गणिताच्या वहीत, बायोलॉजीच्या वहीत. बारावीला मार्क चांगले पडले तेच चुकलं बहुतेक, कारण मी डिझाईन शिकायचं म्हटल्यावर सगळ्या नात्यात सुतक आल्यासारखं झालं. "एवढे मार्क आणि चित्र काढणार?" फक्त अप्पा म्हणाले, "मशीन हातात म्याच दिली की तिच्या, आता कुणाला बोलू?" मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "परदेशातलं कॉलेज कितीला बंद होतं?" त्यांना कटऑफ विचारायचा होता. मी सांगितलं की तिकडं मार्कांवर नसतंय, ते आपलं काम बघतात आणि आपण कुठून आलो ते विचारतात. अप्पांना ते पटलं नाही. "कुठून आलाव ते इचारून सीट देतेत?" आता वाटतं, लाख रुपयांचा प्रश्न होता तो.

कॉलेज निवडायचं कसं, हे सांगायला कोणी नव्हतं. मेडिकलचं विचारा, लातूरचा पानवाला पण कुठल्या कॉलेजचं हॉस्टेल बरं ते सांगेल. आर्टचं? शून्य. मी एकेक वेबसाईट उघडून बघायचे. सगळीकडं तोच फोटो! गवतावर बसलेली तीन पोरं, तीन रंगांची, हातात वह्या, आणि वहीत न बघता हसणारी. कुठंच कोणी चित्र काढताना दिसत नाही. आणि फॉर्ममध्ये एक चौकोन, इंटरनॅशनल स्टुडंट असाल तर टिक करा. मी हैदराबादच्या पुढं कधी गेले नव्हते. टिक केली आणि दुकानात जाऊन सांगितलं, "अप्पा, मी इंटरनॅशनल झाले." अप्पा म्हणाले, "बरं झालं. आता ते वरचे पातेले उतरव."

परदेशाचं काम नांदेडला एक सर बघतात असं कळलं. मिठाईच्या दुकानावर ऑफिस, एसी, टेबलावर प्लॅस्टिकचा पृथ्वीगोल. मी माझी वही दिली. सरांनी चार पानं उलटली.

"हे काय, डबे?"

"वेली आहेत सर. नाव टाकताना चूक झाली की..."

"बेटा, तिकडची मंडळी डबे बघायला बसलीत का? वारली टाक. पैठणीवरचा मोर टाक."

"वारली आमच्याकडची नाही सर."

"त्यांना काय कळतंय? त्यांना लातूर, पालघर सगळं एकच." मग फॉर्म भरता भरता सहज विचारलं, "आई कुठली?"

"किल्लारीची."

सर खुर्चीत ताठ झाले. "त्र्याण्णव?"

"हाव सर. आई लहान होती तेव्हा."

"अरे मग हे आधी सांगायचं ना! आपण तासभर काय वारली करून राहिलो इथं?"

आणि मी तांब्याचं सांगितलं. इथं मला सरांचा राग नंतर येतो, माझा आधी येतो. कोणी विचारलं नव्हतं. मला बोलायची लई हौस, कोणी ताठ होऊन ऐकायला लागलं की मी सांगतच सुटते.

आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी तांब्या आहे. एका बाजूनं चेपलेला, नीट उभा राहत नाही, आई त्याला भिंतीला टेकवून ठेवते. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून भांडी निघायची आणि एका जागी ठेवलेली असायची, माणसं येऊन नावं वाचून आपापलं ओळखून न्यायची. ह्या तांब्यावर अज्जांचं नाव होतं. अज्जा म्हणजे आईचे वडील, काशिनाथ गुरुजी. घरातलं तेवढं एकच भांडं परत आलं. पुढं अप्पा आईला बघायला गेले तेव्हा पाणी त्याच तांब्यातून दिलेलं. बघायला आलेला मुलगा मान खाली घालून बसतो ना, अप्पांनी तांब्या हातात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, हितं कारागिराचा हात सटकलाय. बगा, नंतर वेल काढलीय." नावाच्या शेवटी खरंच एक छोटी वेल आहे. तोपर्यंत घरात कोणाला ती चूक वाटली नव्हती. अज्जा आत जाऊन म्हणाले म्हणे, "पोरगं दिसंल ते बोलतंय. देऊन टाकू." आईला ही गोष्ट लई आवडते. त्याच्या आधीची, भूकंपाची, ती कधीच सांगत नाही. आम्ही विचारत पण नाही.

आणि ती मी एसीत बसून सांगितली.

अर्जासोबत आपण कोण, कुठून आलो हे सांगणारं निवेदन लागतं, ते सरांनी लिहिलं. मला मोबाईलवर पाठवलं, "बेटा, चेक." मी पहिला परिच्छेद वाचला. त्यात तांब्या होता, इंग्रजीत तो लई भारी दिसत होता. खाली अजून दोन पानं होती. मुदत त्याच दिवशी संपत होती, दुकानात गिऱ्हाईक होतं, मी अंगठा पाठवला. वर केलेला अंगठा! माझ्या आज्जीनं आयुष्यभर अंगठा उठवला कारण तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

सीट लागली. गेल्या वर्षी, ह्याच दिवसांत, फ्लेक्स लागले त्याच आठवड्यात. मोठ्या शहरातलं मोठं कॉलेज, फीमध्ये सूट. मी दुकानातून घरापर्यंत पळत गेले. कागदपत्रांसाठी सरांनी आईअप्पांना नांदेडला बोलावलं. आम्ही तिघं एसटीनं निघालो, अहमदपूर, लोहा, खिडकीतून गरम वारा, मांडीवर फडक्यात बांधलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. नांदेडात उतरल्यावर अप्पांनी पेढ्याचा पुडा घेतला. आईनं नवी साडी नेसली होती, आणि बसमधून उतरताना तिची घडी बिघडली म्हणून ती स्टँडवर उभी राहून नीट करत होती. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

सर कॉलेजचं पत्र वाचायला लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत. "ऐका काकू. तुमच्या मुलीची कहाणी वाचून समितीतली सगळी मंडळी हेलावून गेली. आजोबांच्या निधनाबद्दल आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत."

अप्पा म्हणाले, "कुणाचे आजोबा?"

"गिरिजाचे. आईकडचे. ते भूकंपात..."

"माझे बाबा?" आई म्हणाली. "माझे बाबा जित्ते हायत. काल फोन केलता. उसाला पाणी सोडून आले हुते."

सर हसले. "काकू, फक्त कागदावर. आपण ॲडमिशन करून राहिलो इथं, पंचनामा नाही. नुसता तांब्या सापडला म्हटलं तर कोण रडणार? तांब्या सापडला आणि माणूस नाही सापडला, म्हणजे कसं..."

आई उभी राहिली. माझी आई दुकानात गिऱ्हाइकाशी भाव करताना सुद्धा आवाज चढवत नाही. आताही चढवला नाही.

"मेलेलं माणूसच पाहिजे हुतं तर मला इचारायचं. हाय आमच्यात एक. माझा धाकटा भाऊ. सात वर्साचा हुता. त्याचं नाव मी इतकी वर्सं कुणाफुडं काढलं न्हाई, आन् जे माणूस हाय त्याला तुमी मारून टाकलंत?"

आणि सर, आईशप्पथ सांगते, सर म्हणाले, "अरे, मग हे तर अजून चांगलं होतं."

अप्पांनी टेबलावरचा पेढ्याचा पुडा उचलला. बंद केला. दोरा गुंडाळला. आणि आम्ही जिना उतरलो.

परतीच्या बसनं लोहा ओलांडलं. मग आई खिडकीकडं बघतच म्हणाली, "वाचलं न्हवतंस?"

"न्हाई."

"त्याचा राग न्हाई मला. तांब्याचं सांगितलंस त्याचा हाय."

मला अजून ते वाक्य कुठं ठेवावं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी किल्लारीला गेले. नवीन गाव, सरळ रुंद रस्ते, एकसारख्या नकाशाची घरं, आणि आता प्रत्येक घराला आपापला ओटा, आपापली पडवी. अज्जा अजून पुढं पत्र्याखालीच झोपतात. डोक्यावर स्लॅब असला की झोप लागत नाही म्हणतात. मी सगळं सांगून टाकलं, रडत रडत. अज्जा हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत.

"कशानं गेलो म्हनं मी?"

"भूकंपात."

"आन् मग त्याच्यानंतर पत्र्याच्या शेडमधी शाळा कुणी चालवली? माझ्या भुतानं?" मग धोतरानं डोळे पुसले. "जा की गं. मी मेलो म्हनून सीट लागत असली तर लागू दे. कागदावर मरायला काय लागतंय. मी खरं बघितलंय, माय. त्याच्याफुडं ह्ये काय?"

तेव्हा मला खरा राग आला. त्याआधी नुसती लाज होती. हा माणूस माझ्यासाठी मरायला तयार होता, इतक्या सहज, चहा पिता पिता! आणि तिकडं कोणीतरी माझी वही बघितलीच नव्हती, वेली बघितल्याच नव्हत्या, त्यांना ढिगारा हवा होता. सीट मला लागलेलीच नव्हती. ज्या पोरीचे अज्जा मेले त्या पोरीला लागली होती, आणि ती पोरगी नव्हतीच कुठं. मी जाऊन काय तिच्या नावानं चार वर्षं हजेरी देणार होते? अप्पा म्हणतात तसं, चूक झाली तर वेल काढता येते. इथं नावच बदललं होतं.

"मी न्हाई जात," मी म्हटलं. "मी त्यांना कळवते."

अज्जांनी थोडा विचार केला. शेवटी मास्तरच ते. "नुसतं कळवून भागत न्हाई. अर्जाला कागद लागतो. पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरला मी बँकेत जाऊन जित्ता हाय म्हनून सही करून येतो. साहेबाला माझं तोंड समोर दिसत असतंय, तरी त्यो कागद मागतोच. ह्ये तर समुद्रापल्याडचे."

आणि चप्पल घालून ग्रामपंचायतीत गेले. तासाभरात दाखला घेऊन आले. वर फोटो, खाली गोल शिक्का, शिक्क्याची शाई थोडी पसरलेली. 'श्री. काशिनाथ हे आज रोजी हयात आहेत.' मी तिथंच पत्र्याखाली बसून मेल लिहिला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कोणाकडून तपासून न घेता. माझे अज्जा जिवंत आहेत. मी न वाचता संमती दिली, ती माझी चूक आहे. सोबत हयातीचा दाखला जोडला आहे.

उत्तर आलं. निवेदन खरं नसल्यामुळं प्रवेश मागं घेत आहोत. बरोबरच आहे त्यांचं, मी असते तर मी पण घेतला असता. पण मेलेल्या अज्जांसाठी दोन परिच्छेद आणि जित्त्या अज्जांसाठी दोन ओळी! एक शब्द नाही हो, की बरं झालं, आजोबा आहेत. एक शब्द तर लिहायचा!

मग ते 'वाया' वर्ष. काय केलं मी त्या वर्षात? दुपारी दुकान शांत असलं की ओळखीच्या घरांत जायचे, पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन. डब्यावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, की नाव आणि वेल कागदावर उतरते. आणि मजा म्हणजे, डोळ्यांना जी दिसत नाही ती खालची चूक पण उतरते! पानाखाली सटकलेली रेघ, फुलाच्या पोटात राहिलेला भलताच काना. मला तर वेडच लागलं. बायका आधी म्हणायच्या, "ह्यात काय बघतीस गं?" आणि मग आतून लग्नातली घागर आणायच्या, आईनं दिलेला डबा आणायच्या, आणि प्रत्येक भांड्याची गोष्ट. मी एक पण गोष्ट लिहून घेतली नाही. मागितली पण नाही. फक्त कागद घासले. आईच्या तांब्याला हात लावला नाही.

ह्या वेळी कॉलेज शोधताना गवतावरची पोरं बघितली नाहीत. समुद्राकाठच्या एका छोट्या गावातलं कॉलेज सापडलं, त्यांच्या वेबसाईटवर नुसते हात होते, शाईनं काळे झालेले. फॉर्म मी भरला, निवेदन मी लिहिलं, सरळ चार ओळी. आणि माझ्या कामाचं पहिलं पान म्हणून लावला तो हयातीचा दाखला. का लावला? रागानं. खरंच, नुसत्या रागानं. म्हटलं, कुठून आले विचारता ना? हे घ्या, इथून.

व्हिडिओवर मुलाखत झाली. पिकल्या केसांच्या एक बाई, मागं खिडकी, खिडकीत पाऊस. त्यांनी पहिलंच विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, माझे अज्जा जिवंत असल्याचा सरकारी पुरावा. त्या हसल्या. मग वेलींबद्दल बराच वेळ बोललो, चूक आधी की वेल आधी, झाकली की सजवली. आणि अगदी शेवटी, व्हिडिओ बंद करायच्या आधी, त्यांनी विचारलं, "आणि तुझे अज्जा आता कसे आहेत?"

बाकी काय बघून कॉलेज निवडायचं असतं ते अजून मला माहीत नाही. मी त्या एका प्रश्नावर निवडलं.

सीट लागली. कोणी फ्लेक्स लावणार नाही, लावला तर मी स्वतः फाडीन. सप्टेंबरात निघायचंय. आईनं काल तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला आणि परत भिंतीला टेकवून ठेवला.  

आज सकाळी अज्जांचा फोन.

"गिरिजा, त्या दाखल्याला वरीस झालं की गं. काल नवा काढून आणलाय. फोटोबी नवा. पाठवून दे तिकडं."

"अज्जा, आता नको. सीट पक्की झाली माझी. ते काही मागत नाहीत."

"सीटचं कोन म्हनतंय? त्या बाईनं इचारलं हुतं नव्हं, कसे हायत म्हनून? इचारलेल्याला उत्तर द्यावं लागतं माय."

मी दुकानात पोत्यावर बसून मेल लिहिला. कळवण्यास आनंद होतो की...

सोबत हयातीचा दाखला जोडला आहे.